कोंबड्याच्या खाण्याच्या खोडी

धाराशिव जिल्ह्यातील अनेक शेतकरी कुटुंबांच्या परसात चार-सहा कोंबड्या आणि त्यांच्यामध्ये एखादा लाडका कोंबडा असतो. त्याच्या खाण्याच्या खोडी हा घरादाराच्या कौतुकाचा विषय असतो. कोणाचा कोंबडा हिरव्या मिरच्या मटकावतो. कोणाचा चहात बुडविलेल्या भाकरीसाठी चुलीपाशी येऊन उभा राहतो. कोणाचा समोर ज्वारी टाकली तरी आधी मुरमाचे खडे वेचतो. तर कोणाचा स्वतः न खाता कोंबड्यांनाच हाका मारीत राहतो. या खोडी पाहून ‘कोंबड्याला सारे पचते’ असा निष्कर्ष काढला जातो. हा समज चुकीचा आहे, आणि पेरणीच्या दिवसांत तो घातकही ठरतो.

कोंबडा अन्नाची पारख जिभेपेक्षा डोळ्यांनी आणि चोचीने अधिक करतो. मनुष्याच्या तोंडात चव जाणणाऱ्या कलिका हजारोंनी असतात. कोंबड्याच्या तोंडात त्या काही शेच असतात. त्याला चव मुळीच कळत नाही असे नव्हे. अती कडू पदार्थ तो टाकून देतो. तथापि त्याची दृष्टी फार तीक्ष्ण असून रंगांतील भेद त्याला मनुष्यापेक्षाही अधिक जाणवतात. त्यामुळे दाण्याएवढी, मातीत उठून दिसणारी वस्तू दिसली की तो तिच्यावर चोच मारतो. त्याच्या बहुतेक खोडींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

मिरचीचेच उदाहरण घ्यावे. मिरचीतील ज्या द्रव्यामुळे मनुष्याच्या तोंडाची आग होते, ते द्रव्य पक्ष्यांच्या मज्जातंतूंना तसे झोंबतच नाही. याचे नेमके कारण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्पष्ट झाले. मनुष्य आणि उंदीर यांच्या शरीरात हा तिखटपणा टिपणारी जी रचना असते, तीच कोंबडीच्या शरीरात थोड्या वेगळ्या घडणीची असते. तेव्हा मिरची खाणारा कोंबडा धीट आहे असे मानण्याचे कारण नाही. त्याला ती तिखट लागतच नाही.

खडे वेचण्याची सवय तर त्याच्या पचनास आवश्यकच आहे. कोंबड्याला दात नाहीत. गिळलेला दाणा प्रथम गळ्याच्या खालच्या पिशवीत भिजतो आणि पुढे जाड स्नायूंच्या पेषणीत भरडला जातो. या भरडण्यास बारीक खड्यांचे साहाय्य होते. जात्याला पाळी, तसे पेषणीला खडे. बंद खुराड्यात ठेवलेल्या कोंबड्यांना अख्खे धान्य घालावयाचे असेल, तर जाड वाळू किंवा बारीक मुरूम वेगळ्या भांड्यात ठेवणे अगत्याचे आहे.

दाणा चोचीत उचलून पुन्हा खाली टाकणे आणि ‘कुक्‌ कुक्‌’ असा आवाज करून कोंबड्यांना बोलावणे, ही नराची स्वाभाविक वृत्ती होय. मादीला आपल्याकडे आकर्षून घेण्याचा तो त्याचा मार्ग आहे. गायगर आणि मार्लर या संशोधकांनी १९८८ साली असे दाखवून दिले की, खाण्याजोगी नसलेली वस्तू पुढे असतानाही कोंबडा कधीकधी अशीच हाक देतो. संध्याकाळी हावरेपणाने खाणे हेही असेच सकारण आहे. रात्रभर पुरेल एवढा दाणा पिशवीत साठवून मगच तो खुराड्यात जातो. उन्हाळ्यात भर दुपारी त्याने खाण्याकडे पाठ फिरविली तर त्याला हट्टी म्हणू नये. पक्ष्यांना घाम येत नाही आणि अन्न पचताना शरीरात उष्णता वाढते. अशा वेळी सावलीत गार पाणी ठेवावे आणि दाणा सकाळ-संध्याकाळ घालावा.

येथपर्यंतच्या खोडी निरुपद्रवी आहेत. परंतु जी चोच खडा उचलते, तीच चोच औषध लावलेले बीही उचलते, आणि खरा धोका येथे आहे. जून-जुलैमध्ये सोयाबीन, तूर, उडीद यांची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रब्बी ज्वारीची पेरणी होते. चाड्यात उरलेले बी अंगणात झटकले जाते, रिकामी पिशवी उकिरड्यावर पडते आणि कोंबड्या तेथे जमतात. थायरमसारख्या बुरशीनाशकाने पिलांचे पाय वाकतात आणि अंडी मऊ कवचाची होतात. काही कीटकनाशकांनी पक्षी तत्काळ दगावतात. अशा बियाण्याला दिलेला लाल वा गुलाबी रंग ही मनुष्यासाठी सूचना आहे. कोंबड्याला तिचा अर्थ कळण्याचा संभव नाही. उंदरांसाठी ठेवलेल्या झिंक फॉस्फाइडच्या आमिषापासून पोटात विषारी वायू तयार होतो. फोरेट हे दाणेदार कीटकनाशक ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद झाले आहे. तरीही एखाद्या कोठीत जुनी पिशवी शिल्लक असल्यास ती कोंबड्यांच्या वाटेत येता कामा नये.

विषाखेरीज नित्याच्या खाण्यातही भेद करणे जरूर आहे. जिल्ह्यात सोयाबीन मुबलक पिकते म्हणून ते कच्चेच कोंबड्यांपुढे टाकले जाते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. ते योग्य उष्णतेने नष्ट होते. म्हणून सोयाबीन नीट भाजून, भरडून आणि तेही इतर धान्यात मिसळूनच घालावे. भिजून बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून वेगळी काढणे हा मोठाच अविचार होय. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच बुरशीच्या पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. भूम परिसरात खवाभट्टीजवळ वाढलेल्या कोंबड्याला कढईच्या खरवडीची चटक लागली तर नवल नाही. पण दुधातील साखर पचविण्याची शक्ती पक्ष्यांत नसते आणि खरवड फार झाली की हगवण लागते. लोणचे आणि खारट उष्टे हेही टाळावे. अंड्यांवरील कोंबड्यांच्या खाद्यात चुन्याचे प्रमाण साडेतीन ते चार टक्के असते. अंडी न देणाऱ्या कोंबड्याला सुमारे एक टक्का पुरतो आणि दीर्घकाळ जास्त मिळाल्यास त्याचे मूत्रपिंड बिघडते. यास्तव परसात सर्वांना साधे खाद्य घालून शिंपल्यांचा चुरा निराळा ठेवावा. ज्या कोंबड्यांना गरज आहे त्या तो वेचतात.

मालक जे घालतो त्याचा परिणाम किती खोल जातो, याचे प्रसिद्ध उदाहरण जावा बेटावरील आहे. १८९० च्या सुमारास बटाव्हिया येथील लष्करी इस्पितळात डॉक्टर आयकमन यांच्या कोंबड्यांना इस्पितळातील सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात घातला जाई. कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले. पुढे तो भात बंद होऊन बिनसडीचा तांदूळ मिळू लागताच त्या सुधारल्या. कोंडा काढलेल्या धान्यात काही जीवनावश्यक अंश राहत नाही, हे ज्ञान या निरीक्षणातून पुढे आले आणि आयकमन यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. कोंबड्यांनी तो भात निमूटपणे खाल्ला होता, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे. आवडीने खाल्लेले ते पथ्याचेच असते असे नाही.

यावर कोणी म्हणेल की, देशी कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या उकिरड्यावर वाढली, तिला काय झाले? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु तो जुना उकिरडा आज राहिलेला नाही. पूर्वी तेथे शेण, किडे आणि कणगीतील सांडलेले दाणे असत. आता औषधी बियाण्याच्या पिशव्या, प्लॅस्टिक, तारेचे तुकडे आणि थर्मोकोलचे कण असतात. या नव्या वस्तूंची ओळख कोंबड्याच्या उपजत बुद्धीला नाही.

या प्रश्नात तोटा कोणाचा हेही पाहावे. परसातील कोंबड्या बहुधा घरातील बाईच्या देखरेखीखाली असतात. अंड्यांचे चार पैसे तिच्या हाती येतात आणि एखादे अंडे मुलांच्या ताटात पडते. एकुलता एक नर दगावला तर रवणीसाठी फळलेली अंडीही मिळत नाहीत. म्हणून बीजप्रक्रिया करणाऱ्याने, म्हणजे बहुधा घरच्या पुरुषाने, ते काम खुराड्यापासून दूर करावे, सांडलेले बी झाडून खोल पुरावे, उरलेले बी धुऊनही कोंबड्यांना घालू नये आणि पिशव्या कुलपात ठेवाव्यात. पेरणीच्या दोन-तीन दिवसांत कोंबड्या डालग्याखाली कोंडून तेथेच दाणा-पाणी द्यावे. कोंबडा झिंगू लागला, मान टाकू लागला किंवा त्याच्या चोचीतून लाळ गळू लागली, तर औषधाच्या पिशवीसह पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. असा पक्षी कापून खाऊ नये. त्या कळपाची अंडीही पशुवैद्यकांच्या सल्ल्याशिवाय वापरू नयेत.