दिल्लीच्या सहलीतून बाबासाहेब कुणी वगळले?

दिवाळीच्या सुट्या संपल्या की नागपूरच्या शाळा-कॉलेजांत शैक्षणिक सहलींचे वारे वाहू लागते. आमच्या बेसा परिसरातही तेच. कालपरवापर्यंत शहराबाहेरचे खेडे असलेल्या या भागात आज फ्लॅट स्कीम उभ्या आहेत, इंग्रजी शाळा आहेत आणि त्या शाळांत आपल्या समाजाची मुलेही शिकतात. आईबाप पोटाला चिमटा घेऊन सहलीचे पैसे भरतात. मुलांच्या हाती येणाऱ्या कागदावर दिल्लीची ठिकाणे ठरलेली असतात : लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, राजघाट आणि शेवटी खरेदीला एखादा बाजार. आमच्या पाहण्यात आलेल्या अशा कागदांवर २६, अलीपूर रोड हा पत्ता आम्हाला कधी सापडला नाही.

हा निव्वळ विसर आहे, असे आम्ही मानत नाही. सहलीचे वेळापत्रक हाही एक अभ्यासक्रमच असतो. देश कुणी घडवला, कुणापुढे डोके टेकवायचे आणि कुणाच्या दारावरून बस न थांबवता पुढे न्यायची, हे तो कागद मुलांना न बोलता शिकवतो. समाजशास्त्रात मॉरिस हाल्बवाक्स याने 'सामूहिक स्मृती'चा विचार मांडला. आपण काय आठवतो, हे आपण ज्या समाजगटात वावरतो तो ठरवतो. मग आपल्या मुलांनी दिल्लीत काय आठवायचे, हे कोण ठरवते आहे?

बाबासाहेबांची दिल्ली लहान नाही. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून इथे आले. कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची कायदादुरुस्ती त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळातली. इथेच ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. इथेच त्यांनी हिंदू कोड बिलासाठी एकाकी झुंज दिली आणि ते बिल रखडवले गेले तेव्हा १९५१ च्या सप्टेंबरमध्ये कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. सरकारी बंगला सोडून ते अलीपूर रोडवर राहायला गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे काम तिथेच पूर्णत्वाला गेले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाणही तिथेच झाले. त्या जागी आज उघडलेल्या संविधानग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक आहे. १३ एप्रिल २०१८ रोजी ते खुले झाले. लाल किल्ला पाहून चांदणी चौकातून मेट्रोत बसलात, तर दुसरेच स्थानक सिव्हिल लाइन्स. स्मारक तिथून जवळ आहे. तेव्हा 'वेळ नव्हता' ही सबब टिकत नाही.

राजघाटाजवळच फिरोजशाह कोटला आहे. तिथे सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. तो चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने टोपरा गावाहून आणवला. या स्तंभावरची ब्राह्मी लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने उलगडली आणि अशोक पुन्हा इतिहासात आला. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात पिपरहवाच्या उत्खननातून मिळालेले तथागतांचे अस्थिधातू जपलेले आहेत. म्हणजे ज्याचे चक्र आपल्या झेंड्यावर आहे तो अशोक आणि ज्याच्या धम्माने अशोक बदलला तो बुद्ध, दोघेही दिल्लीत भेटतात. पण मुलांना तिथे घेऊन जाईल तरी कोण?

यावर नेहमीचे उत्तर येते : "सहलीत जात कशाला आणता?" आम्ही उलट विचारतो, आठवड्याचे ४८ तास फक्त आपल्या बांधवांनाच मिळाले का? हिंदू कोड बिल कोणत्या स्त्रियांसाठी होते? संविधान कुणाचे आहे? ज्याने सर्वांसाठी काम केले, त्याला एका जातीचा करून यादीबाहेर ठेवणे, हाच खरा जातीयवाद आहे.

वॉशिंग्टनकडे पाहा. तिथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे राष्ट्रीय संग्रहालय २०१६ साली उघडले. त्याची मागणी मात्र जवळपास शंभर वर्षे जुनी होती. त्या संग्रहालयात थॉमस जेफरसनचा पुतळा आहे आणि त्याच्या मागे विटांची भिंत आहे. जेफरसनने ज्या माणसांना गुलाम म्हणून बाळगले, त्यांची नावे त्या विटांवर कोरली आहेत. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा माणूस गुलामांचा मालकही होता, हे तिथे सहलीला आलेल्या मुलांना समोरासमोर दाखवले जाते. राष्ट्राची आठवण अशी प्रश्नांसकट जपायची असते. आपल्या मुलांना संसद दाखवताना हिंदू कोड बिलाचा राजीनामा कुणी सांगतो का?

आता थोडे आपल्या समाजाविषयी. नुसता दोष शाळांना देऊन भागणार नाही. स्मारकात जायचे, हात जोडायचे, सेल्फी काढायचा आणि परतायचे, यात श्रद्धा आहे, अभ्यास नाही. बाबासाहेबांनी भक्त घडवले नाहीत, विद्यार्थी घडवले. नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टंकलेखन यंत्र आहे. दिल्लीत त्यांचे सचिव असलेल्या नानकचंद रत्तूंनी जपलेल्या वस्तू, दीक्षा समारंभाचे संयोजक वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नाने तिथे आल्या. दिल्लीतल्या त्या घरातले आयुष्य आपल्या दाराशी आहे, पण बेसा-मनीषनगरातल्या किती मुलांनी ते पाहिले आहे?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. पालकसभेत तोंडी कुरकुर करू नका. सहलीच्या यादीत २६, अलीपूर रोड आणि अशोकस्तंभ घ्यावा, असा लेखी अर्ज पंचवीस पालकांच्या सह्यांनी द्या आणि पोच घ्या. दिल्लीआधी मुलांना चिचोलीला न्या. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी चार पानांची माहितीपुस्तिका तयार करून ती विहारात वाचून घ्यावी. आणि ज्या मुलांचे पैसे भरले जात नाहीत, त्यांचे काय? मनपा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतले पोर दिल्लीचे स्वप्नही पाहत नाही. जयंतीच्या वर्गणीतून एक रात्र डीजे वाजतो. एका वर्षी तो बंद ठेवा आणि त्या पैशात जितकी जातील तितकी मुले दिल्लीला पाठवा. रेल्वेत विद्यार्थ्यांना सवलत असते, त्यासाठी शाळेकडून वेळेत अर्ज करवून घ्या.

राजधानी जितकी त्यांची, तितकीच आपली आहे. तिचा कायदा आपल्या बापाने लिहिला आहे. आपल्या लेकरांनी तिथे पाहुण्यासारखे फिरू नये, वारसदारासारखे फिरावे. यंदाच्या सहलीचा कागद घरी येईल तेव्हा त्यावर सही करण्याआधी तो एकदा नीट वाचा.

जय भीम!