एकच मणी चुकला तर...

मैत्रिणींनो, मागच्या आठवड्यात दुपारची कामं आवरून मी काचमण्यांचं तोरण ओवत बसले होते. तेवढ्यात शेजारची धाकटी सून दारात येऊन उभी राहिली. हातात रक्ततपासणीचा कागद आणि डोळे रडून लाल.

तिचा दीड वर्षाचा मुलगा महिनाभर किरकिरत होता. हातापायांचे पंजे सुजले, रंग फिका पडला. दृष्ट काढून झाली, टॉनिक झालं. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं आणि निदान झालं सिकलसेलचं. आमच्या विदर्भात हे नाव नवं नाही. पण घरी सासूबाईंनी निकालच देऊन टाकला, "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. हे तुझ्या माहेरचं."

"काकू, खरंच माझ्याच रक्तात खोट आहे का हो?"

मी म्हटलं, "आधी बस, पाणी पी. मग हे तोरण बघ."

नमुन्यांची वही माझ्या सासूबाईंची. ती कपाटाबाहेर न्यायची नाही, हा त्यांचा दंडक. म्हणून मी हवा तो नमुना चिठ्ठीवर उतरवून घेते आणि चिठ्ठी पाहून मणी ओवते. आपल्या पेशीसुद्धा असंच करतात. पेशीच्या मध्यभागी पेशीकेंद्र असतं, ते कपाट. त्यातला डीएनए ही वही आणि वहीतला एकेक नमुना म्हणजे जनुक. वही बाहेर येत नाही. हव्या त्या जनुकाची नक्कल होते, तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. ही चिठ्ठी बाहेर रायबोसोमकडे जाते. रायबोसोम म्हणजे ओवणारे हात!

ओवायचे मणी म्हणजे अमिनो आम्लं. ती वीस प्रकारची. आपण डाळी, दूध, अंडी खातो, ती पचून हे मणी सुटे होतात. काही मणी शरीर स्वतःही बनवतं. वहीची भाषा मात्र अवघ्या चार अक्षरांची आहे: ए, टी, जी आणि सी. तीन अक्षरांचा एक शब्द, असे चौसष्ट शब्द होतात. एकसष्ट शब्द कुठला मणी घ्यायचा ते सांगतात आणि उरलेले तीन सांगतात, 'पुरे, आता गाठ मारा.' मणी हातात आणून द्यायला छोटे वाहक आरएनए असतात. माळ पुरी झाली की ती विशिष्ट तऱ्हेने दुमडते आणि प्रथिन तयार होतं.

ही भाषा उलगडण्यात आपल्या हरगोविंद खुराणांचा मोठा वाटा. त्यासाठी १९६८ साली त्यांना दोघा शास्त्रज्ञांसह नोबेल मिळालं. रायबोसोमची रचना उकलल्याबद्दल २००९ साली तिघांना नोबेल मिळालं. त्यांत आपल्या तमिळनाडूत जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन होते आणि जेरुसलेमच्या गरीब घरात वाढलेल्या अदा योनाथ या बाईही होत्या.

"पण काकू, माझ्या बाळाचं काय चुकलं?"

रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन हेही असंच ओवलेलं प्रथिन. त्यात चार माळा असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा माळेत १४६ मणी. सहाव्या मण्यासाठी वहीत 'जीएजी' लिहिलेलं असायला हवं, तिथे सिकलसेलमध्ये 'जीटीजी' असतं. चूक एका अक्षराची! रायबोसोम बिचारा चिठ्ठीबरहुकूम ओवतो. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन हा मणी जातो आणि तो चिकट निघतो. प्राणवायू देऊन झाला की अशी हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून त्यांच्या कांड्या होतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. 'सिकल' म्हणजे विळाच. या वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून सूज आणि वेदना. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम दहा-वीस दिवस. म्हणून रंग फिका.

जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ छान होतं ना? तेव्हा त्याचं बरंचसं हिमोग्लोबिन वेगळ्या नमुन्यावरचं होतं. पुढे बीटा माळेचा नमुना लागू झाला आणि दुखणं दिसू लागलं.

आता मुख्य गोष्ट. वहीत हा नमुना दोनदा असतो, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला. एकच चुकीचा असेल तर दुसरा काम निभावून नेतो. अशा माणसाला वाहक म्हणतात आणि तो सहसा ठणठणीत असतो. बाळाला हा आजार झाला, कारण त्याचे दोन्ही नमुने चुकीचे आहेत. म्हणजे एक आईकडून आला तसा दुसरा वडिलांकडून आला. आणि वडिलांना तो त्यांच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेला असणार. मग दोष एकट्या सुनेच्या माथी कसा?

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी बाळाची, दोन वाहकाच्या आणि एक पूर्ण निर्दोष बाळाची. एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तिन्ही चांगली होतील, असा हिशेब करू नका. दरवेळी डाव नव्याने मांडला जातो.

मैत्रिणींनो, लग्नाआधी पत्रिका पाहता, तशी ही रक्ततपासणीही करा. आधी सोल्युबिलिटीची साधी चाचणी होते, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने खात्री करतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या वयाची तपासणी ठरली आहे. मुलगी वाहक निघाली म्हणून स्थळ मोडू नका. मुलाचंही रक्त तपासा आणि सल्ला घ्या. दोघं वाहक असून दिवस गेले असतील, तर लगेच डॉक्टरांना सांगा. गर्भाची तपासणी करता येते.

घरात असं मूल असेल तर त्याला भरपूर पाणी पाजा, थंडीवाऱ्यापासून जपा, लसी चुकवू नका. ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नका. हायड्रॉक्सियुरिया नावाच्या औषधाने पुष्कळ मुलांच्या वेदनांचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं.

चार दिवसांनी मुलाच्या वडिलांचा रिपोर्ट आला. तेही वाहकच! सासूबाई तो कागद बराच वेळ न्याहाळत बसल्या. मग सुनेला एवढंच म्हणाल्या, "उद्या दवाखान्यात जाताना मलाही ने. माझंही रक्त तपासून टाकू."