रोज दहा मिनिटं त्या पट्ट्या दाखवा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, प्रसार भारती, नवी दिल्ली
आणि
मा. केंद्रप्रमुख, दूरदर्शन सह्याद्री वाहिनी, वरळी, मुंबई

विषय : घरोघरच्या टीव्हीचे रंग जुळवता यावेत म्हणून चाचणी-चित्र पुन्हा सुरू करण्याबाबत.



दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं आणि देशात रंगीत प्रक्षेपण आलं १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. त्या काळात टीव्ही पाहिलेल्यांना कार्यक्रमाआधीच्या उभ्या रंगीत पट्ट्या आणि सोबतची एकसुरी शिट्टी आठवत असेल. पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, किरमिजी, तांबडा, निळा, शेवटी काळा. क्रम ठरलेला, प्रत्येक रंगाचं माप ठरलेलं. आम्हाला वाटे, वेळ भरून काढायला काहीतरी लावून ठेवलंय. खरं तर केंद्रातून निघालेलं चित्र जसंच्या तसं पोचतंय का, हे ताडून पाहायची ती सोय होती. वाहिन्या चोवीस तास चालू लागल्या आणि सोय बंद पडली. ती परत सुरू करा, एवढीच मागणी घेऊन रत्नागिरीहून हे पत्र लिहितो आहे.

जुन्या संचाला ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट आणि रंग एवढीच बटणं असत. रंगीत प्रक्षेपणासाठी आपण पाल पद्धत स्वीकारल्यामुळे अमेरिकेसारखं रंगछटेचं वेगळं बटण पिळत बसावं लागत नसे. आजच्या टीव्हीत मात्र चित्राच्या नावाखाली पानंच्या पानं आहेत : पिक्चर मोड, बॅकलाइट, शार्पनेस, कलर टेंपरेचर, नॉइज रिडक्शन, मोशन. ती उघडायला कोणी धजावत नाही. 'हात लावू नको, बिघडेल' हे घराघरातलं वाक्य. त्यामुळे कारखान्यातून किंवा दुकानातून टीव्ही ज्या मोडवर येतो, त्याच मोडवर तो म्हातारा होतो.

आणि तो येतो बहुधा 'व्हिव्हिड'वर. दुकानात ट्यूबलाइटच्या झगझगाटात वीस टीव्ही शेजारी शेजारी लावलेले असतात. त्यांत जो जास्त भडक आणि जास्त निळसर, त्याच्याकडे गिऱ्हाइकाची नजर जाते. धोतराला नीळ दिली की ते जास्त पांढरं वाटतं, तीच युक्ती पडद्यावर चालते. नीळ जास्त झाली की धोतर निळं दिसतं हे आपल्याला लगेच कळतं, पडद्याचं कळत नाही. कारण ताडून पाहायला शेजारी दुसरं काही नसतं. पांढऱ्याचं जगभर एक माप आहे, साधारण ६५०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या स्वच्छ उजेडाचा पांढरा. एचडी चित्रातल्या रंगांचं प्रमाणही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९० मध्येच ठरवून दिलं आहे. संकलनाच्या खोलीत बसून रंग लावणारा माणूस त्याच मापाच्या पडद्यावर काम करतो. आमच्या माजघरातला पडदा ते माप पाळत नाही.

याने काय बिघडतं, ते आम्हा कोकणातल्या माणसांना लवकर दिसतं, कारण आमचे रंग आम्हाला पाठ असतात. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' हा चित्रपट घ्या. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं. छायाचित्रणही दिग्दर्शकाचंच. पावसाळ्यातलं आमचं कोकण त्यात आहे तसं आलं आहे : करडं आभाळ, शेवाळलेल्या भिंती, ओल्या झाडांचा काळपट हिरवा. व्हिव्हिडवर तो हिरवा पोपटी होतो, जांभ्याचा गंजलेला तांबडा शेंदरी होतो आणि पावसातला उदास उजेड उन्हासारखा लखलखतो. शिवाय पडदा स्वतःच्या मनाने मधल्या चौकटी तयार करून घालतो, म्हणून सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत पळतो. हॉलिवूडच्या टॉम क्रूझने डिसेंबर २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना ही करामत बंद करायला सांगितलं. पुढच्या वर्षी टीव्ही आणि चित्रपट कंपन्यांच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने 'फिल्ममेकर मोड' जाहीर केला, म्हणजे एका बटणावर असली सगळी भर बंद. पण तो मोड सगळ्या टीव्हीत नाही, आणि असला तरी तो शोधून लावायला सांगणारं घरात कोणी नाही.

आता त्या चाचणी-चित्राने काय साधतं ते सांगतो. ब्राइटनेसने चित्रातला काळा ठरतो. त्यासाठी बीबीसीच्या अभियंत्यांनी जवळजवळ काळ्या पट्ट्यांची एक साधी युक्ती काढली, ती आजही जगभर चालते. काळ्या पार्श्वभूमीवर एक पट्टी काळ्याहून किंचित गडद, दुसरी काळ्याहून किंचित उजळ. ब्राइटनेस इतका ठेवायचा, की गडद पट्टी पार्श्वभूमीत विरघळेल आणि उजळ पट्टी जेमतेम दिसेल. बस्स, झालं. याहून कमी केला तर रात्रीच्या प्रसंगात माणूस अंधारात बुडतो. वाढवला तर काळोख राखाडी होतो. कॉन्ट्रास्टने पांढरा ठरतो : तो वाढवत नेला की शेजारशेजारच्या दोन पांढऱ्या पट्ट्या एक होतात, तिथून थोडं मागे यायचं. खोलीत उजेड जास्त असेल तर बॅकलाइट वाढवायचा, या दोघांना हात लावायचा नाही. पडवीतून ऊन आत येणाऱ्या घरात दुपारी आणि रात्री बॅकलाइट वेगळा लागणारच. शार्पनेस जास्त असला तर बारीक काळ्या रेषेच्या कडेला पांढरी किनार उमटते. ती जाईपर्यंत तो खाली आणायचा. आणि चाचणी-चित्राच्या मधोमधचं वर्तुळ वर्तुळच दिसतंय ना, हे पाहायचं. सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही दोघांनीही चित्र ताणलं, तर वर्तुळाचं अंडं होतं आणि बातम्या देणाऱ्या बाई विनाकारण जाड दिसतात.

'हे सगळं यूट्यूबवर मिळतं की,' असं कुणी म्हणेल. मिळतं, पण तिथेच खरी मेख आहे. बऱ्याच टीव्हीत चित्राची मांडणी प्रत्येक जोडणीची वेगळी साठवलेली असते. यूट्यूब चालतं टीव्हीच्या आतल्या अ‍ॅपवर. बातम्या येतात छतावरच्या डिशमधून, बॉक्समधून आणि पुष्कळ घरांत अजून पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीतून. अ‍ॅपवर रंग जुळवले म्हणून बॉक्सचे जुळत नाहीत. ज्या वाटेने कार्यक्रम येतो, त्याच वाटेने चाचणी-चित्र यायला हवं. हे काम वाहिनीच करू शकते. खासगी वाहिनी जाहिरातीची दहा मिनिटं पट्ट्यांना देणार नाही. दूरदर्शन देऊ शकतं. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली, महिन्याचं भाडं न घेणारी तुमची फ्री डिश आज कोट्यवधी घरांवर आहे, आणि महागडा मीटर लावून रंग जुळवणारा माणूस ज्यांना परवडणार नाही, अशांचीच घरं त्यात जास्त आहेत.

म्हणून तीन विनंत्या.

पहिली : सह्याद्रीवर रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं चाचणी-चित्र दाखवा. पहाटेची वेळ चालेल, पण आठवड्यातून एकदा तरी रात्री आठच्या सुमारास दाखवा. दिवसाउजेडी काळा जुळवता येत नाही.

दुसरी : नुसती शिट्टी नको. सोबत मराठीत सांगा : 'आता मोड सिनेमा किंवा मूव्हीवर घ्या, कलर टेंपरेचर वॉर्म करा, दोन-चार दिवस चित्र पिवळट वाटेल, मग डोळे सरावतील.' घरातल्या आजीला रिमोट हातात घेऊन करता येईल, इतक्या सावकाश सांगा.

तिसरी : चित्रात आपली माणसं घाला. बीबीसीने १९६७ पासून आपल्या चाचणी-चित्राच्या मधोमध एका मुलीचा फोटो ठेवला, कारण चेहऱ्याचा रंग चुकला की तो कोणालाही ओळखता येतो. पण फोटोच्या प्रयोगशाळांतून कोडॅकची जी कार्डं वर्षानुवर्षं रंग जुळवायला वापरली गेली, त्यांवर गोऱ्या बायकांचे चेहरे होते आणि त्या मापाने छापलेल्या फोटोंत सावळ्या माणसांची आबाळ झाली. आपल्या चित्रात मिरकरवाड्याच्या जेटीवर उन्हात रापलेला खलाशी असू दे, त्याच्या शेजारी गोरी, गव्हाळ, सावळी पोरं असू देत. एका बाजूला जांभ्याचा चिरा आणि पिकलेला हापूस ठेवा. हे रंग चुकले तर रत्नागिरीत कोणी तांत्रिक पुस्तक उघडणार नाही, नुसतं बघून सांगतील.

यासाठी नवा उपग्रह नको, नवी यंत्रणा नको. पट्ट्या तयार करणारी साधनं प्रक्षेपण केंद्रांत असतातच. लागतो तो एक आवाज, एक फोटो आणि दहा मिनिटं. गणपतीला चाकरमानी गावी येतात, येताना कित्येक जण आईवडिलांसाठी नवा मोठा टीव्ही आणतात, आणि तो भिंतीवर चढतो त्या दिवशीच्याच मांडणीवर पुढची सात-आठ वर्षं चालतो. तेव्हा जे करायचं, ते यंदाच्या गणपतीआधी करा.

आपला,
सह्याद्री वाहिनीचा एक प्रेक्षक,
रत्नागिरी