वाघिणीची गुहा

मुलांनो, कड्याला मधमाश्यांचं पोळं चिकटलेलं पाहिलंय ना? तस्साच एक मठ आहे भूतानमध्ये, पारोच्या दरीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर! नाव ताकत्सांग, म्हणजे वाघिणीची गुहा. आठव्या शतकात गुरू पद्मसंभव उडत्या वाघिणीवर बसून इथे आले आणि गुहेत ध्यानाला बसले, अशी कथा आहे. पुढे १६९२ मध्ये त्या गुहेभोवती मठ बांधला. आपल्या लेण्यांसारखा कोरलेला नाही बरं का, चक्क बांधलेला!

वर मोटार जात नाही. घोडंसुद्धा अर्ध्या वाटेपर्यंतच. पाइनच्या रानातून दोन-तीन तास चढायचं. मठ अगदी समोर दिसू लागतो, आणि वाट मात्र खाली वळते! मध्ये खोल घळ आहे ना. शेकडो पायऱ्या उतरायच्या, धबधब्याजवळचा पूल ओलांडायचा, की पुन्हा पायऱ्या. दमलेल्या पायांची खरी परीक्षा इथे.

एप्रिल १९९८ मध्ये या मठाला आग लागली. अशा ठिकाणी बंब पोचणार कसा? मुख्य इमारत जळून गेली. भूतानच्या लोकांनी ती त्याच जागी, पूर्वीच्याच धाटणीची पुन्हा उभारली. २००५ मध्ये काम पुरं झालं.

मग हा मठ १६९२ चा म्हणायचा की २००५ चा? मी तर १६९२ चाच म्हणेन. गुहा तीच, कडा तोच. पण भिंती नव्या आहेत, हेही खरंच! तुम्हांला काय वाटतं? आईबाबांशी जरा वाद घालून पाहा.