विंचवाने अडवलेलं दार

दोस्तांनो, विठ्ठलवाडी स्टेशनात सकाळी मुंबईची लोकल थांबते तेव्हा काय होतं? जेमतेम अर्धं मिनिट लोंढा आत घुसतो आणि गाडी सुटते. समजा, गाडी सुटलीच नाही आणि माणसं आत शिरतच राहिली तर?

तांबडा विंचू चावला की शरीरात असाच घोटाळा होतो. आपल्या मज्जापेशींच्या पातळ आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. त्यातल्या काहींतून सोडियम आत शिरतो. (हो, मिठातलाच सोडियम!) दार सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडतं आणि मिटतं. या उघडझापीवरच मज्जातंतूंचे निरोप धावतात. विंचवाचं विष नेमकं या दाराला चिकटतं आणि ते नीट मिटू देत नाही. मग निरोपांवर निरोप सुटतात, अ‍ॅड्रेनलिन रक्तात ओतलं जातं, रक्तवाहिन्या आवळतात. हातपाय गार पडतात, दरदरून घाम येतो. हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी साचतं. माणूस दगावतो तो बहुधा यामुळेच.

हे कोकणात वारंवार घडे. १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. रोग्यांच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, सगळं टिपून ठेवलं. ना मोठी प्रयोगशाळा, ना भारी यंत्रं! पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी वापरून पाहिली. आवळलेल्या रक्तवाहिन्या तिने सैल पडतात. १९८६ साली हा अनुभव लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि विंचूदंशाचे मृत्यू खूप कमी झाले. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

गंमत अशी, की ही गोळी त्या दाराला हातही लावत नाही. दारामुळे उडालेला गोंधळ तेवढा आवरते. विष पकडते ती प्रतिविषाची लस. दोन्ही एकत्र दिली तर रोगी लवकर बरा होतो, हे बावस्करांनीच २०११ साली दाखवलं. पण दोन्हींसाठी दवाखाना लवकर गाठावा लागतो. मांत्रिकाकडे गेलेला तास परत मिळत नाही, हे आईबाबांनाही वाचून दाखवा.

आणि ऐका, याच विषात आयबेरियोटॉक्सिन नावाचा एक पदार्थ सापडला. तो उलटं काम करतो, पोटॅशियमचं एक दार बंद करतो! जगभरच्या प्रयोगशाळांत ते दार ओळखायला आता तोच वापरतात.