आपण नेमके काय मोजतो आहोत?

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगशाळेत तुमच्या हाती तापमापक दिला जातो. तुम्ही तो पाण्यात बुडवता, आकडा स्थिर झाला की वहीत उतरवता आणि गुण मिळवता. पण हाच तापमापक का घ्यायचा, दुसरा का नाही, असे तुम्हाला कुणी विचारले आहे काय? माझे मत असे, की मोजमापाचा खरा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो. आणि नेमका तोच आपल्या शाळांतून राहून जातो.

तापमान, दाब, पातळी यांत होणारा बदल टिपून त्याचा विजेचा संकेत करणाऱ्या साधनाला संवेदक किंवा सेन्सर म्हणतात. कारखान्यांत असे शेकडो संवेदक असतात. ‘त्यांतला सर्वांत चांगला कोणता?’ या प्रश्नाला मात्र उत्तर नाही. तापमानाचेच पाहा. पारा उणे ३९ अंश सेल्सिअसला गोठतो आणि ३५७ अंशांना उकळू लागतो. दुग्धशाळेत दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून त्यातील रोगजंतू मारतात. तेथे एखाद्या अंशाची चूकही महाग पडते, म्हणून प्लॅटिनमच्या तारेचा संवेदक उपयोगी पडतो. शून्य अंशाला १०० ओहम असलेला तिचा रोध १०० अंशांना १३८.५ ओहम होतो. हजार अंशांच्या भट्टीत मात्र क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेल या मिश्रधातूंच्या तारांचे तापयुग्म, म्हणजे थर्मोकपल, वापरतात. ते काही अंशांनी चुकेल, पण त्या आचेत टिकेल. आणि धावत्या लालभडक पोलादी पट्टीला तर स्पर्शच करता येत नाही. तेथे तिचे प्रारण दुरूनच मोजावे लागते. प्रत्येक साधन आपल्या जागी उत्तम, दुसऱ्याच्या जागी कुचकामी!

पण केवळ पल्ला आणि अचूकता पाहून भागत नाही. त्याची साक्ष एका अपघाताने दिली आहे.

२८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या दुसऱ्या संचात पाण्याचे पंप बंद पडले. अणुभट्टीतील दाब वाढला आणि तो कमी करणारी झडप ठरल्याप्रमाणे उघडली. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती. ती अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातील तिचा दिवा मात्र विझला. कर्मचाऱ्यांना वाटले, झडप मिटली. वस्तुतः तो दिवा झडपेची स्थिती दाखवीतच नव्हता. झडपेकडे जाणारा विद्युत्प्रवाह थांबला, म्हणजे मिटण्याचा हुकूम सुटला, एवढेच तो सांगत होता. हुकूम पाळला गेला की नाही, याची त्याला काय खबर! भट्टी थंड ठेवणारे पाणी दोन तासांहून अधिक वेळ बाहेर जात राहिले.

इंधनावर पाणी किती उरले आहे, हे थेट मोजणारा संवेदकही नव्हता. शेजारच्या टाकीतील पातळी चढलेली दिसली, म्हणून उलट आपत्कालीन पाणी कमी केले गेले. इंधनाजवळ तापयुग्मे होती; पण संगणकाचा पल्ला सुमारे ३७० अंश सेल्सिअसपर्यंतच ठेवलेला होता. त्यापुढे तो आकड्यांऐवजी प्रश्नचिन्हे छापू लागला. तंत्रज्ञांनी स्वतंत्र मीटर लावून पाहिले, तेव्हा काही आकडे हजार अंशांच्याही वर गेलेले निघाले. काही मात्र फार कमी होते, म्हणून त्यांवर कुणी विश्वास ठेवला नाही. भट्टीच्या गाभ्याचा जवळजवळ निम्मा भाग वितळला होता, हे पुढे उघड झाले.

कुणी म्हणेल, आणखी संवेदक बसवले असते तर? पण पहिल्या काही मिनिटांतच तेथे शंभरांहून अधिक धोक्याच्या सूचना वाजल्या होत्या! कुणी म्हणेल, चूक माणसांची. त्यांचे शिक्षण अपुरे होते, हे खरेच. तरी हुकमाचा दिवा झडपेच्या जागी वाचायला लावणे ही निवडीचीच चूक होती. त्या अपघातानंतर अमेरिकेतील अशा केंद्रांत झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवणारी योजना सक्तीची झाली.

म्हणून संवेदक निवडताना चार प्रश्न विचारावेत. मला हवी तीच गोष्ट हा मोजतो, की तिची सावली? नेहमीच्या दिवशीच नव्हे, सर्वांत वाईट दिवशीही याचा पल्ला पुरेल काय? त्या जागची उष्णता, ओल, हादरे हा सोसेल काय? आणि हा बिघडला, तर ते मला कळणार कसे? किमतीचा प्रश्न त्यानंतरचा.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रात्यक्षिकाच्या वेळी टेबलावर तीन साधने ठेवा, एक काम सांगा, आणि कोणते निवडले व का, यालाही गुण द्या. त्यासाठी नवी सामग्री लागत नाही.

आणि मित्रहो, तुम्ही आजच एक करून पाहा. पाण्याच्या पंपाच्या पेटीवरचा दिवा लागला, की आपण निर्धास्त होतो. तो दिवा काय सांगतो? वीज आली, एवढेच. वरच्या टाकीत पाणी पडते आहे की नाही, हे कळण्यासाठी तुम्ही तेथे काय बसवाल? विचार करा, आणि तुमचे उत्तर वरच्या चार प्रश्नांवर घासून पाहा.