गोधडी आणि पंडित
‘मिलिंदप्रश्ना’त नागसेन सांगतो: चाके, आस, जू यांपलीकडे रथ नाही, रथ हे व्यवहारातले नाव. नैयायिक गर्जतात: अवयवी हे निराळे द्रव्यच! पण एक तंतू निसटला की त्यांचे जुने वस्त्र नष्ट होऊन नवा ‘खंडपट’ जन्मतो. मला दोघेही मान्य नाहीत. आईच्या गोधडीची ठिगळे 30 वर्षांत एकेक करून बदलली. गोधडी तीच राहिली. ती उसवा: चिंध्या, दोरा सारे उरेल, गोधडी उरणार नाही. मग चिंध्या म्हणजेच गोधडी कशी? आणि तराजूत तिचे वेगळे वजन भरत नाही. मग त्याच जागी बसलेली ती दुसरी वस्तू तरी कशी? पंडितहो, कापड मोजलेत, टाका विसरलात. जोडणी हेच गोधडीपण. पटत नसेल तर पौषात चिंध्यांचा ढीग पांघरून पाहा!